नागरिकशास्त्राच्या पाठातील न्यायालय : एक भाषिक परीक्षण

१

शालेय पाठ्यपुस्तकांचे परीक्षण करू लागले म्हणजे समीक्षकांचे लक्ष बहुधा भाषेच्या वाचनमालांकडे अथवा इतिहासाच्या पुस्तकांकडे जाते. वाचनमालेत कोणते कवी घेतले आणि कोणते गाळले, इतिहासात कोणत्या घटनेला किती पाने दिली, ह्यांवर वाद होतात आणि ते व्हावेतही. नागरिकशास्त्राच्या वाट्याला हा मान क्वचितच आला आहे. इतिहासाच्या पुस्तकाला शेवटी जोडलेला, थोड्या गुणांचा, परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करून टाकण्याचा विषय, एवढीच त्याची शाळेतील प्रतिष्ठा. त्यातही न्यायव्यवस्थेचा पाठ हा सर्वांत रूक्ष समजला जातो. वस्तुतः राज्यसंस्थेच्या तीन अंगांपैकी न्यायालय हेच असे अंग आहे की, ज्याच्या दारात सामान्य मनुष्य स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या कामासाठी उभा राहतो. संसदेत त्याचा प्रतिनिधी जातो, मंत्रालयात त्याचा अर्ज जातो. न्यायालयात त्याला स्वतःला जावे लागते. तेव्हा ज्या पाठाचा उपयोग विद्यार्थ्याला पुढे प्रत्यक्ष होण्याचा संभव सर्वाधिक, तोच पाठ सर्वांत निरुपयोगी वाटावा, ही विसंगती विचार करण्यासारखी आहे.

ह्या विसंगतीचे कारण सामान्यतः शिक्षकांची अनास्था किंवा परीक्षापद्धती ह्यांत शोधले जाते. ती कारणे खोटी नाहीत. परंतु पाठ ज्या भाषेत लिहिला जातो त्या भाषेतही एक कारण दडलेले आहे, आणि त्याची चिकित्सा करणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम होय. पाठाचा क्रम, त्यातील वाक्यांचे प्रयोग आणि त्यातील संज्ञा ह्या तीन अंगांनी ती येथे केली आहे.

२

आपल्याकडील नागरिकशास्त्राचा उगम ध्यानात घेतल्यावाचून त्याच्या भाषेचा स्वभाव उमगत नाही. मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी विल्यम ली-वॉर्नर ह्यांचे ‘द सिटिझन ऑफ इंडिया’ हे शालोपयोगी पुस्तक १८९७ साली प्रसिद्ध झाले. ब्रिटिश राज्यकारभाराची रचना आणि त्यापासून होणारे लाभ हिंदी विद्यार्थ्यांना समजावून द्यावेत, हा त्याचा हेतू. अशा पुस्तकात राज्ययंत्राचे वर्णन वरून खाली उतरत येते. राज्यकर्ता जे देतो ते रयत घेते, असा त्यातील संबंध असतो. स्वातंत्र्यानंतर हेतू पालटला. मुदलियार आयोगाने १९५३ सालच्या अहवालात लोकशाही नागरिकत्व हे माध्यमिक शिक्षणाचे प्रमुख उद्दिष्ट मानले, आणि त्यासाठी स्पष्ट विचार व त्याच्याशी निगडित असे स्पष्ट भाषण-लेखन ह्यांची आवश्यकता प्रतिपादिली. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या निमित्ताने सामाजिक शास्त्रांसंबंधी जे टिपण तयार झाले, त्यात ‘सिव्हिक्स’ ह्या नावामागील वसाहतकालीन वारशाची चर्चा करून त्याऐवजी राज्यशास्त्र हे नाव सुचविण्यात आले. महाराष्ट्रात २०१६ नंतर निघालेल्या नव्या पाठ्यपुस्तकांत सहावी ते आठवीला नागरिकशास्त्र आणि नववी-दहावीला राज्यशास्त्र असे दोन्ही शब्द नांदत आहेत.

नाव बदलले, हेतू बदलला. परंतु वर्णनाची दिशा मात्र फारशी बदलली नाही. पुणे येथील पाठ्यपुस्तक मंडळाने २०१८ साली आठवीसाठी काढलेल्या पुस्तकात न्यायव्यवस्थेला स्वतंत्र प्रकरण दिले. न्यायमंडळाचे स्वातंत्र्य, न्यायालयीन पुनर्विलोकन, जनहित याचिका हे विषय तेरा-चौदा वर्षांच्या मुलांपुढे ठेवण्याचे धैर्य त्यात आहे, आणि त्याबद्दल पुस्तकाला श्रेय दिलेच पाहिजे. तथापि क्रम तोच राहिला. प्रथम सर्वोच्च न्यायालय, मग उच्च न्यायालय, मग जिल्हा व दुय्यम न्यायालये, आणि शेवटी दिवाणी व फौजदारी कायद्याचा भेद.

तार्किक दृष्ट्या ह्या क्रमात दोष नाही. संविधानाची मांडणीही तशीच आहे. पण संविधानाचा क्रम हा अधिकाराचा क्रम आहे. अनुभवाचा क्रम त्याच्या नेमका उलट असतो. दिंडोरीच्या अथवा मंगळवेढ्याच्या विद्यार्थ्याच्या कुटुंबाला दिल्लीचे न्यायालय भेटण्याचा संभव जवळजवळ नसतो. त्याला भेटते ते तालुक्याचे न्यायालय, जेथे बहुधा एकच व्यक्ती कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी अशा दोन्ही नात्यांनी काम पाहते. सकाळी बांधाच्या दाव्यात साक्ष घेणारा न्यायाधीश दुपारी मारामारीच्या खटल्यात जामिनाचा अर्ज ऐकतो. दिवाणी आणि फौजदारी हा भेद इमारतीचा किंवा माणसाचा नसून कामाच्या स्वरूपाचा आहे, हे ह्या एका दृश्यावरून विद्यार्थ्याला जितके स्पष्ट होईल तितके व्याख्येवरून होणार नाही. परंतु हे दृश्य ज्या पायरीवर घडते तिला पाठात सर्वांत शेवटची आणि सर्वांत अपुरी जागा मिळते.

त्याहूनही मोठी उणीव अशी की, ग्रामीण कुटुंबाचा कज्जा पुष्कळदा ज्या कचेरीत सुरू होतो ती कचेरी न्यायालयांच्या ह्या उतरंडीत बसतच नाही. शेतात जाण्याची वहिवाटीची वाट कोणी अडविली, पाण्याचा ओघ कोणी वळविला, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली दाद मागावयाची ती तहसीलदाराकडे. फेरफाराच्या नोंदीवर हरकत घेतली, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे प्रकरण महसुली अधिकाऱ्यांपुढे चालते आणि अपील प्रांताधिकाऱ्याकडे जाते. हे अधिकारी कार्यकारी मंडळाचे घटक असतात, आणि तरी वादी-प्रतिवादींना समोर बोलावून निर्णय देतात. एका पानावर विद्यार्थी न्यायमंडळ हे कार्यकारी मंडळापासून विभक्त असल्याचे शिकतो. घरी वडील तहसीलदारापुढील तारखेला निघालेले पाहतो. संविधानाच्या ५० व्या अनुच्छेदाने ही विभक्तता साधण्यासाठी उपाय करण्याचा निर्देश राज्याला दिला आहे, म्हणजे ते एक गाठावयाचे ध्येय म्हणून सांगितले आहे, एवढे जरी पाठात आले तरी विद्यार्थ्याला पुस्तक आणि घर ह्यांतील अंतराचा अर्थ लागेल. ते न आल्यामुळे दोहोंपैकी एक खोटे आहे असे त्याला वाटते, आणि तो पुस्तक खोटे मानतो.

३

आता वाक्याकडे वळावे. न्यायव्यवस्थेवरील शालेय गद्याची जी घडण मराठीत रूढ झाली आहे, तिचा नमुना म्हणून पुढील दोन वाक्ये रचता येतील : ‘न्यायालयाकडून नागरिकांच्या हक्कांचे संरक्षण केले जाते’, ‘कनिष्ठ न्यायालयाच्या निर्णयाने समाधान न झाल्यास वरिष्ठ न्यायालयात अपील करता येते.’ शालेय व्याकरण ज्यास नवीन कर्मणी अथवा कर्मकर्तरी म्हणते तो प्रयोग पहिल्या वाक्यात आहे. इंग्रजी शासकीय गद्याच्या संपर्काने मराठीत तो फोफावला. दुसऱ्या वाक्यात शक्यार्थक रचना असून तीत कर्त्याला स्थानच नाही. समाधान कोणाचे झाले नाही? अपील कोणी करावयाचे? वाक्य काहीच सांगत नाही.

तिसरी रचना ह्याहून सूक्ष्म आहे : ‘नागरिकाला न्याय मिळतो.’ येथे क्रियापद ‘न्याय’ ह्या शब्दाशी जुळते आणि नागरिक चतुर्थीत जाऊन बसतो. मराठीत भूक लागते, झोप येते, बक्षीस मिळते, तसाच न्याय मिळतो. ह्या सर्व वाक्यांत मनुष्य हा घडणाऱ्या गोष्टीचा भोक्ता असतो, करणारा नसतो. रचना अस्सल मराठी आहे आणि तिच्यात गैर काही नाही. परंतु संपूर्ण पाठ ह्याच दोन-तीन साच्यांत चालविला म्हणजे सबंध न्यायव्यवहारातून कर्ता म्हणून नागरिक नाहीसा होतो. ली-वॉर्नरच्या काळी जी ‘देणारा’ आणि ‘घेणारी रयत’ अशी जोडी होती, ती हेतूतून हद्दपार झाली तरी प्रयोगातून अद्याप गेलेली नाही.

ह्याच्या उलट, न्यायालयाच्या आवारात शतकानुशतके घडलेली जी मराठी आहे तिची क्रियापदे पाहावीत. फिर्याद देणे, दावा लावणे, कैफियत देणे, हरकत घेणे, साक्ष देणे, जामीन राहणे, उलटतपासणी करणे, तडजोड करणे, अपील करणे. ह्या प्रत्येक क्रियेचा कर्ता मनुष्य आहे. ह्या सर्वांत अर्थपूर्ण प्रयोग ‘दाद मागणे’ हा होय. ‘दाद’ हा फारसी शब्द; मूळ अर्थ न्याय. मराठीने तो स्वीकारला तेव्हा त्याच्याभोवती एक संपूर्ण व्यवहार उभा केला. पीडिताने दाद मागावी, सत्तेने दाद द्यावी किंवा घ्यावी, कधी दाद लागावी, कधी लागू नये. आणि जेथे काहीच चालत नाही तेथे ‘दाद ना फिर्याद’ अशी अवस्था व्हावी. ‘फिर्याद’ हाही फारसीच, मूळ अर्थ आक्रोश, साहाय्यासाठी फोडलेली हाक. हाक देणारा आणि ती ऐकण्यास बांधलेला असे दोन पक्ष ह्या शब्दांत गृहीत आहेत. न्याय ही आपोआप उतरणारी वस्तू नसून कोणी तरी उठून मागावी लागणारी गोष्ट आहे, हे ज्ञान मराठी भाषेने आपल्या शब्दसंग्रहात साठवून ठेवले आहे. पाठ्यपुस्तकाची भाषा ते ज्ञान बाजूस सारते आणि ‘न्याय मिळतो’ असे म्हणून मोकळी होते.

ह्याचा परिणाम केवळ शैलीपुरता नाही. कर्ता गाळला म्हणजे त्याच्यावरील जबाबदारी आणि तिची मुदतही गळते. अपील करता येते, हे विद्यार्थी शिकतो. ते कधीपर्यंत करता येते, हे शिकत नाही. मुदतीच्या १९६३ च्या कायद्याप्रमाणे दिवाणी हुकूमनाम्यावरील अपिलास जिल्हा न्यायालयात ३० दिवस आणि उच्च न्यायालयात ९० दिवस मिळतात. समन्स बजावल्यावर प्रतिवादीने कैफियत ३० दिवसांत द्यावयाची असते, आणि न्यायालय ती मुदत साधारणतः ९० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकते. समन्स घेण्याचे नाकारले म्हणजे दावा टळतो, ही समजूत शिकल्यासवरल्या माणसांतही आढळते. प्रत्यक्षात नाकारलेले समन्स बजावले गेले असेच धरता येते, दावा एकतर्फी चालतो आणि हुकूमनामा होतो. शाळेत दहा वर्षे काढलेला मनुष्य बेलिफाला पाहून मागल्या दाराने निघून जातो आणि त्यापायी घर अथवा शेत गमावतो, तेव्हा त्याचा दोष सर्वस्वी त्याच्या पदरी घालणे न्याय्य होणार नाही. त्याला जी वाक्ये शिकविली गेली त्यांत त्याने करावयाचे असे काहीच नव्हते.

४

संज्ञांचा प्रश्न ह्याला जोडूनच येतो. राज्यकारभाराच्या भाषेत संस्कृत प्रतिशब्द घडविण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रचलेला ‘राज्यव्यवहारकोश’ हा तिचा पहिला मोठा प्रयत्न. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० साली भाषा संचालनालय निघाले. त्याने पदनामांचे आणि पुढे अनेक शास्त्रांचे व न्यायव्यवहाराचे कोश तयार केले. ह्या कार्याची थट्टा करणे सोपे आहे आणि ती भरपूर झाली. परंतु ‘न्यायदंडाधिकारी’, ‘अधिनियम’, ‘याचिका’ असे शब्द आज निर्वेधपणे वापरले जातात, हे त्या परिश्रमाचेच फळ होय. म्हणून येथे आक्षेप संस्कृत संज्ञांवर नाही. आक्षेप असा आहे की, पाठ्यपुस्तकाने कोशातील शब्द घेतले आणि आवारातील शब्द टाकले; दोहोंमधील संबंध विद्यार्थ्याला दाखविला नाही. ‘न्यायमंडळ’ आणि ‘पुनर्विलोकन’ जाणणारा मुलगा ‘कैफियत’, ‘मुद्देमाल’, ‘हुकूमनामा’, ‘वकीलपत्र’ ह्या शब्दांपुढे अडखळतो, आणि घरात आलेला कागद त्याला वाचता येत नाही.

शिवाय आवारातील काही शब्द असे आहेत की, त्यांचा अर्थ न समजावल्यास ते विद्यार्थ्याला चुकीच्या वाटेला लावतात. ‘पंच’ हा शब्द घ्यावा. मराठेशाहीतील न्यायदानाचा जो अभ्यास वि. त्र्यं. गुणे ह्यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केला, त्यावरून गोतसभा आणि तिचे महजर ह्यांचे महत्त्व ध्यानात येते. त्या व्यवहारातील पंच निवाडा करीत. खेळाच्या मैदानावरील पंच आजही निर्णय देतो. परंतु पोलिसांच्या पंचनाम्यातील पंच हा केवळ झडतीचा किंवा जप्तीचा साक्षीदार असतो. निर्णयाशी त्याचा संबंध नाही. एकाच शब्दाचे हे तीन अर्थ माहीत नसलेला मनुष्य कोऱ्या पंचनाम्यावर सही करतो, ती आपण काही ठरवीत नसून पाहिल्याची ग्वाही देत आहो हे न जाणता.

‘जामीन’ ह्याची गोष्ट अशीच आहे. मुळात हा शब्द मनुष्याचा वाचक, दुसऱ्यासाठी हमी घेणारा. ‘तो माझ्यासाठी जामीन राहिला’ ह्या वाक्यात तो अर्थ टिकून आहे. ‘त्याला जामीन मिळाला’ ह्या वाक्यात मात्र तो सुटकेचा वाचक झाला. वृत्तपत्री भाषेत दुसराच अर्थ प्रबळ असल्यामुळे जामीन मिळणे म्हणजे निर्दोष ठरणे, असा समज पसरतो आणि न्यायालयाने आरोपीला सोडून दिले म्हणून लोक संतापतात. हमीदार मनुष्याचा मूळ अर्थ शिकविला तर हा घोटाळा होणार नाही. खटला संपलेला नाही, आरोपीने तारखेस हजर राहावे म्हणून कोणी तरी शब्द टाकला आहे, एवढाच जामिनाचा अर्थ आहे.

सर्वांत गंभीर प्रकार ‘गुन्हा दाखल होणे’ ह्या वाक्प्रचाराचा. पोलीस ठाण्यात जे नोंदविले जाते ती खबर असते, अभियोगाची सुरुवात असते. मराठीत मात्र आपण ‘त्याच्यावर गुन्हा दाखल झाला’ असे म्हणतो. शब्दशः पाहता गुन्हा अस्तित्वात आहे, त्याच्या नावावर आहे आणि आता तो वहीत चढला आहे, असा ह्याचा अर्थ होतो. न्यायालयात ज्याची शाबिती व्हावयाची ते वाक्याने आधीच गृहीत धरले. त्यापाठोपाठ ‘आरोपी’ हा शब्द ‘गुन्हेगार’ ह्याचा पर्याय बनतो, आणि मग ‘संशयाचा फायदा देऊन सुटका’ ही वाचकाला पळवाट वाटते. दोष सिद्ध होईपर्यंत मनुष्य निर्दोष मानावा, हे तत्त्व पाठात एका ओळीत सांगून भागत नाही; कारण विद्यार्थ्याची रोजची भाषा त्या ओळीच्या विरुद्ध साक्ष देत असते. संशयित, आरोपी, कच्चा कैदी, दोषी, गुन्हेगार ह्या पाच शब्दांच्या सीमा आखून देण्यास एक तासिका पुरेल. त्या तासिकेत नागरिकशास्त्र आणि मराठी हे दोन्ही विषय एकदम शिकविले जातील.

५

पाठ रूक्ष होतो म्हणून त्यात गोष्ट घालावी, असा उपाय सुचविला जातो. मराठी विद्यार्थ्याला न्यायाची एक गोष्ट लहानपणापासून ठाऊक असते, ती रामशास्त्री प्रभुणे ह्यांची. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा वध झाला. रामशास्त्र्यांनी रघुनाथरावांस दोषी ठरविले आणि त्यांच्या राज्यात राहण्याचे नाकारले. ही कथा उदात्त आहे आणि सत्तेपुढे न वाकणाऱ्या न्यायाधीशाचा आदर्श तिने पिढ्यान्पिढ्या जागता ठेवला. परंतु ती जे शिकविते त्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. तीत न्याय टिकतो तो एका पुरुषाच्या शीलावर. आणि तो पुरुष निघून गेल्यावर निर्णयाची अंमलबजावणी करणारे कोणी उरत नाही. आजच्या न्यायाधीशाच्या निर्भयतेला नियमांचा आधार आहे. सर्वोच्च आणि उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला संसदेच्या दोन्ही सभागृहांनी विशेष बहुमताने ठराव केल्याखेरीज पदावरून दूर करता येत नाही, आणि नेमणुकीनंतर त्याचे वेतन त्याला बाधक होईल असे बदलता येत नाही. रामशास्त्र्यांची कथा सांगून झाल्यावर ‘त्यांना असे नियम लाभले असते तर काय झाले असते’ हा प्रश्न विचारला, तर कथेचा उपयोग होईल. तो न विचारल्यास चांगला न्यायाधीश भेटला तर न्याय, एवढाच बोध विद्यार्थी घेतो.

गोष्टीचा निराळा प्रयोग राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २००८ साली आठवीसाठी काढलेल्या पुस्तकात झाला. तेथे एका घरकाम करणाऱ्या तरुणीवर मालकिणीच्या गळ्यातील साखळी चोरल्याचा आळ येतो, आणि तिच्या खटल्यातून पोलीस, सरकारी वकील, बचावाचा वकील व न्यायाधीश ह्या चौघांची कामे उलगडत जातात. तिच्यापाशी पैसा नसल्यामुळे सरकारी खर्चाने वकील दिला जातो, आणि अखेर ती निर्दोष सुटते. ह्याच पुस्तकात मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांनी महानगरपालिकेविरुद्ध चालविलेला, ओल्गा टेलिस ह्यांच्या नावाने ओळखला जाणारा १९८५ सालचा निवाडाही चर्चिला गेला. उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचा भाग होय, असे न्यायालयाने त्यात म्हटले. तरी त्या लोकांना पदपथावर राहण्याचा हक्क मात्र मान्य केला नाही. असा उभयविध निर्णय मुलांपुढे ठेवणे, हे खरे अध्यापन होय. कारण न्यायालयात जिंकणे आणि हरणे ह्यांच्यामध्येही पुष्कळ जागा असते.

ही पुस्तके इंग्रजी, हिंदी व उर्दू ह्या भाषांत निघाली. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळांतील विद्यार्थ्यांपर्यंत ती पोहोचली नाहीत. त्यांचा केवळ अनुवाद केल्यानेही काम होणार नाही. मोलकरणीचा तो खटला मराठीत सांगावयाचा तर तो फिर्याद, झडती, पंचनामा, मुद्देमाल, कोठडी, जामीन, उलटतपासणी ह्या शब्दांतूनच सांगावा लागेल, आणि तसा तो सांगितला की मागील परिच्छेदांत दाखविलेली सर्व सामग्री आपोआप वर्गात येईल. तिला जो वकील मिळाला तो कोणाच्या दयेने मिळाला नाही. १९७६ च्या घटनादुरुस्तीने आलेला ३९-अ हा अनुच्छेद आणि १९९५ पासून अमलात असलेला विधी सेवा प्राधिकरण अधिनियम ह्यांचे ते फलित आहे. ह्या अधिनियमाखाली स्त्रिया आणि बालके ह्यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधिसाहाय्य मिळू शकते. म्हणजे वर्गात बसलेली प्रत्येक मुलगी आणि प्रत्येक मुलगा ह्या हक्काचा धनी आहे. तो त्यांना ‘दुर्बल घटकांना साहाय्य दिले जाते’ अशा वाक्यात सांगणे, हा त्या हक्काचा अपव्यय होय.

६

ह्या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, शाळेने मुलांना कोर्टकज्जे शिकवू नयेत. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतातच. ह्या म्हणीत खर्चाचा आणि विलंबाचा अनुभव बोलतो, आणि तो खोटा ठरविण्याचे कारण नाही. परंतु पायरी चढावी की नाही, हे ठरविण्याचे स्वातंत्र्य वादीला असते. प्रतिवादीला आणि आरोपीला ते नसते. अटक झालेल्या इसमाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, हे जाणणे म्हणजे कज्जेदलाली शिकणे नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मुलांना कितीही शिकविले तरी न्यायालयाची भाषा मराठी कोठे आहे? ह्याचे उत्तर अर्धे दिलासादायक आहे. महाराष्ट्र शासनाने १९९८ साली अधिसूचना काढून, काही अपवाद वगळता, जिल्हा व दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी ठरविली. संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदाप्रमाणे उच्च व सर्वोच्च न्यायालयाचा व्यवहार मात्र इंग्रजीत चालतो. मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील फिरते खंडपीठ १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले; त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रातील व दक्षिण कोकणातील पक्षकारांचे अंतर कमी झाले, भाषेचे अंतर तेवढेच राहिले. सर्वोच्च न्यायालयाच्या निवडक निवाड्यांचे मराठीसह काही भारतीय भाषांतील अनुवाद २०१९ पासून प्रसिद्ध होऊ लागले, हे खरे. पण शाळेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट ही की, ज्या पायरीवर नागरिक प्रत्यक्ष उभा राहणार त्या पायरीची भाषा कायद्याने त्याची स्वतःची आहे. त्या पायरीचा पाठ दुर्लक्षून इंग्रजीत चालणाऱ्या न्यायालयांचे वर्णन मराठीत घोकविणे, हा उलटा व्यवहार होय.

शेवटी, पाठ ज्या खोलीत शिकविला जातो तिच्याकडेही पाहिले पाहिजे. मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड. शिक्षण हा अर्थ मराठीने सोडून दिला. मूल न्यायदान प्रथम पाहते ते वर्गात. कंपासपेटी हरवली, सर्वांची दप्तरे तपासली गेली, एकाकडे ती सापडली, आणि त्याला बोलू न देता उभे केले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ ह्यांस बंदी घातली. पण दुसरी बाजू ऐकून घेतल्याशिवाय निर्णय देऊ नये, हा नैसर्गिक न्यायाचा नियम पाळण्यास शिक्षकाला कायद्याची वाट पाहावी लागत नाही. ज्याच्या दप्तरात पेटी सापडली त्याला ‘तुझे काय म्हणणे आहे?’ असे विचारले, म्हणजे कैफियत ह्या शब्दाचा अर्थ सबंध वर्गाला कळेल.

सारांश, न्यायव्यवस्थेचा पाठ पुन्हा लिहावयाचा झाल्यास तो तालुक्यापासून वर चढत जावा. त्यातील वाक्यांना कर्ता असावा आणि तो शक्यतो विद्यार्थ्यासारखाच कोणी असावा. कोशातील संज्ञेशेजारी आवारातील शब्द ठेवून दोहोंच्या अर्थसीमा दाखविल्या जाव्यात. आणि एक तरी कागद, समन्स असो वा नोटीस, वर्गात ओळीओळीने वाचला जावा. ह्यासाठी नवे पुस्तक निघण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. कोऱ्या समन्साचा नमुना फळ्यावर लिहून काढता येतो, आणि त्याच्या खाली ‘आता काय करावयाचे?’ हा प्रश्न कोणत्याही शिक्षकाला उद्याच विचारता येईल.